ठिपक्यासमोर ठिपका

शेडच्या फाटकातून ट्रक बाहेर पडला, कोपऱ्यावर वळला, आणि बॉनेटखाली बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. ट्रकने एक हिसका पुढे दिला, एक मागे, आणि तो रस्त्याच्या मधोमध बंद पडला. समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात धरूनच बाहेर आला. त्याच्यामागोमाग अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक. केबिनमध्ये बसलेल्या तिला हसू फुटलं. तोंड दाबून धरलं तरी खांदे हलतच राहिले. खरं तर हसायची वेळ नव्हती. ट्रक दुपारी फर्निचरवाल्याच्या दारात नेऊन लावायचा होता, किल्ली त्याच्या हातात द्यायची होती, आणि मग तिने एका बाजूला चालायला लागायचं होतं आणि शेजारी स्टिअरिंग घट्ट धरून बसलेल्या या माणसाने दुसऱ्या. अजून महिनाभर तो कायद्याने तिचा नवरा होता. घर आधीच वाटून झालं होतं, भांडी, पंखा, गाद्या, भिंतीवरचं घड्याळसुद्धा. राहिला होता फक्त ट्रक. ट्रकचे दोन तुकडे होत नाहीत म्हणून तो विकायचा. सकाळपासून तिच्या छातीत काहीतरी आवळून बसलं होतं, ते त्या बारासरशी सुटलं. शाळेत जाऊन पोचावं आणि फाटकावर कळावं की आज सुट्टी, तसं.

त्याने पुन्हा सेल्फ मारला. इंजिन खोकलं, कार्बोरेटरमधून धूर आला. “नका मारू,” ती म्हणाली, “टायमिंग गेलंय. जास्त मोडेल.” आणि स्वतःचाच ‘नका’ तिच्या कानाला खटकला. लग्न झालं तेव्हा सासूबाई घरात होत्या, म्हणून घरात ‘अहो’ आणि ‘तुम्ही’. पण धंदा सुरू केला, लोकांची घरं या गल्लीतून त्या गल्लीत हलवायला लागले दोघं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवताना ‘अहो, जरा डावीकडे घेता का’ म्हणेपर्यंत कपाट अंगावर येतं हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. तिथे ‘अरे धर, डावीकडे घे, पाय बघ’ असंच. सासूबाई गेल्या, तरी घरात ‘अहो’ आणि ट्रकवर ‘अरे’ तसंच चालू राहिलं. जसं काही तिचे दोन नवरे होते. गेले चार महिने ती ताईकडे राहत होती आणि निरोप जायचे ते वकिलाकडून, किंवा ताईच्या फोनवरून, आणि आज केबिनमध्ये चढताना ती अगदी सांभाळून, अनोळखी माणसाशी बोलावं तसं ‘तुम्ही’ म्हणाली होती.

न्हावी, त्याचं फेसवालं गिऱ्हाईक आणि रस्त्याने जाणारे दोघंतिघं यांनी मिळून ट्रक ढकलत परत शेडमध्ये आणला. तीही मागच्या फळीला खांदा लावून ढकलत होती. पत्र्याखाली उन्हाची तिरीप पडली होती तिथे ट्रक थांबला आणि माणसं हात झटकत निघून गेली. त्याने फर्निचरवाल्याला फोन लावला. पलीकडचा मोठा आवाज तिला इथपर्यंत ऐकू आला. संध्याकाळी मीच तिकडे येतो, चालू असली तर घेतो, नाहीतर दुसरी बघून ठेवली आहे मी. त्याने फोन खिशात टाकला. नेहमीचे मेकॅनिक मामा कुठेतरी बाहेरगावी गेले होते. तो ट्रककडे बघत उभा राहिला. आता हा बोलणार नाही, तिला वाटलं. आता खालचा ओठ आत जाईल आणि दोन दिवस बाहेर येणार नाही. एकदा ती तापाने फणफणली होती तेव्हा असाच उशाशी उभा राहिला होता. पाणी आणून ठेवलं, गोळी आणून ठेवली, शब्द एक नाही. बरं वाटतंय का, एवढे तीन शब्द ऐकायला ती दोन रात्री जागी होती. लोकांना सांगायला गेलं तर यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. मारत नाही, पीत नाही, पैसे हातात आणून देतो. ताईसुद्धा आधी म्हणाली होती, अगं, मग तुला हवंय तरी काय? काय हवंय ते तिला सांगता येत नव्हतं. भिंतीशी बोलून बोलून माणूस स्वतः भिंत व्हायला लागतो, एवढंच तिला कळत होतं.

“झाकण काढून बघू?” तो म्हणाला.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून ती आत बघत मडगार्डवर ओणवी झाली. तो खाली आडवा झाला, पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हळूहळू उलटा फिरवायला लागला. चेन घट्ट असेल तर क्रँक हलल्याबरोबर वरचा, डिस्ट्रिब्युटरमधला रोटर हलायला हवा.

“हलला?”

“नाही.”

“आता?”

“नाही.”

“आता तरी?”

“अरे नाही हलत. फिरव अजून.” थोड्या वेळाने रोटरने आळस दिल्यासारखी मान वळवली. “हलला! आत्ता हलला!”

“मग चेन गेलीच,” तो खालून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. तिच्याही नव्हतं. दोघांनी इंजिनाचा तो पुढचा भाग कधी उघडला नव्हता. मामा उघडायचे तेव्हा हे दोघं बाहेर लोड घेऊन भाड्याच्या गाडीत असायचे. पत्र्याच्या त्या झाकणामागे काय आहे ते तिने फक्त मामांच्या बोटांनी हवेत काढलेलं बघितलं होतं: खाली लहान चाक, वर मोठं चाक, दोघांना मिळून एक चेन, दोन्ही चाकांवर एकेक ठिपका, आणि टायमिंग बांधायचं म्हणजे ठिपक्यासमोर ठिपका आणायचा. एवढ्याशा गोष्टीवर एवढं मोठं धूड चालतं याचं तिला तेव्हा हसू आलं होतं.

पाणी सोडलं, रेडिएटर उतरवला, पंखा काढला. तिने केस वर बांधले, त्याचा जुना शर्ट अंगावर चढवला. तो शेडमध्ये खिळ्याला टांगलेला होता, तिच्या वाटणीच्या सामानात आला नव्हता, कुणाच्याच नव्हता. पुलीचा बोल्ट मात्र हटेना. गाडी गिअरमध्ये टाकली, पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप अडकवला, तो ब्रेक दाबून केबिनमध्ये बसला आणि ती पाइपला दोन्ही हातांनी लोंबकळली. पाय जमिनीवरून उचलले गेले. हिसका दिला, पुन्हा दिला, आणि कर्र करून बोल्ट सुटला आणि ती पाठीवर आपटली. तो धावत खाली उतरला. “लागलं?” त्याने विचारलं. “सुटला!” ती पडल्या पडल्या ओरडली. “अरे सुटला बघ!” मग तिच्या लक्षात आलं की त्याने विचारलं होतं. लागलं का, असं विचारलं होतं. ती उठून बसली आणि उगीचच पाठ झटकत राहिली. तिला सावध व्हावंसं वाटलं. ताईने सकाळीच बजावलं होतं, तुझं काही खरं नाही हं, तो जरा गोड बोलला की तू विरघळशील. पण हा गोड बोलत नव्हता. हा फक्त बोलत होता. तिच्या अंगात मघापासून जे चढत होतं ते विरघळण्यासारखंही नव्हतं. हात शिवशिवत होते, आणि झाकणाचा एकेक बोल्ट निघत होता तसा श्वास वर वर अडकत होता.

झाकण निघालं. चेन कपडे वाळत घालून सैल पडलेल्या दोरीसारखी झोळ टाकून होती. वरच्या मोठ्या चाकाचे दात लोखंडाचे नव्हतेच, कसल्याशा पांढऱ्या प्लॅस्टिकचे होते, काळे पडलेले, आणि एका बाजूचे चार-पाच तर नव्हतेच. त्याने लहान चाकाचा ठिपका वर आणला. मोठ्या चाकाचा ठिपका त्याच्या समोर यायला हवा होता. तो दोन दात पुढे सरकून बसला होता. “उडी मारली चेनने,” तो म्हणाला. “कोपऱ्यावर. तेव्हाच तो बार.” दोघं डोकी जवळ आणून बघत राहिले. त्याच्या मानेला ऑइलचा आणि घरातल्या त्याच साबणाचा वास येत होता. तिने डोकं मागे घेतलं नाही आणि पुढेही नेलं नाही. “ते तुटलेले दात गेले कुठे पण?” तिने विचारलं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि दोघं एकदम म्हणाले, “चेंबरमध्ये!”

मग इंजिनाच्या तळाचं, ऑइलचं चेंबर उतरवणं आलं. काम दुप्पट झालं, आणि दोघांपैकी कुणीही कपाळाला हात लावला नाही. तो चेंबर सोडवत होता तोवर ती जुनं चाक फडक्यात गुंडाळून स्पेअर पार्टच्या दुकानाकडे निघाली, चालता चालता पळायला लागली. चाळिशी ओलांडलेली बाई, पुरुषाचा शर्ट, कोपरापर्यंत काळे हात. लोक बाजूला होत होते. तिला आठवलं, मागे एका घराचं सामान हलवताना एक म्हातारे गृहस्थ आपली खुर्ची सोडायला तयार नव्हते. सगळं घर रिकामं झालं, पडदे निघाले, दिवे निघाले, आणि ते मधोमध खुर्चीत. मुलगा चिडला, सून रडकुंडीला आली. तेव्हा याने काय करावं? तिला डोळ्याने खूण केली, दोघांनी खुर्ची दोन बाजूंनी उचलली आणि आजोबांसकट जिना उतरले. आजोबा राजासारखे सगळ्या शेजाऱ्यांना हात करत होते. त्या दिवशी ती इतकी हसली की ट्रक चालवताना याला दोनदा बाजूला घ्यावा लागला. आणि घरी आल्यावर, दार उघडून आत पाऊल टाकल्याबरोबर, तो परत भिंत. तिने तो प्रसंग पुन्हा काढला तेव्हा “हं” म्हणाला. एवढंच. एकच माणूस उंबऱ्याच्या आत एक आणि बाहेर एक कसा असू शकतो, यावर तिने इतका विचार केला होता की शेवटी विचाराचाच कंटाळा आला आणि तिने पिशवी भरली.

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला, चाक फिरवून बघितलं. “हे आता कुणी मागत नाही हो,” म्हणत शिडीवर चढला आणि वरच्या फळीवरून धुळीने माखलेला खोका काढला. आत तेलकट कागदात गुंडाळलेली दोन चाकं, दोन्ही पूर्ण लोखंडाची, आणि चेन. चेन तिच्या तळहातावर ओघळली, थंड, जड, एकही कडी कुरकुरली नाही.

“काम कुणाकडे टाकलंय?” दुकानदाराने विचारलं.

“आम्हीच करतोय,” ती म्हणाली.

परत येताना तो शब्द तिच्याबरोबर येत होता. वकिलाच्या खोलीत तिला ‘आम्ही’ टाळायला फार जड गेलं होतं. आमचं घर, आम्ही घेतलं, आम्ही ठरवलं. दरवेळी वकीलबाई थांबवायच्या, ‘ते’ म्हणा, ‘मी’ म्हणा. ती हळूहळू शिकली. आणि आता सहज निघून गेलं तोंडातून, आणि त्यात खोटंही काही नव्हतं. हे दोघंच करत होते. तिला भीती वाटली आणि भीतीसुद्धा गोड लागली.

त्याने चेंबर रॉकेलने धुवून ठेवलं होतं. जाळीत अडकलेले दाताचे तुकडे एका फडक्यावर मांडून ठेवले होते आणि तो तिची वाटच बघत होता. “सगळे सापडले,” तो म्हणाला, अगदी मोठ्या तोऱ्यात. ती म्हणाली, “वा रे शूर!” त्याने खोक्यातून चेन काढली आणि काही न बोलता दोनदा या हातातून त्या हातात सोडली. मग झाकणाचं जुनं गॅस्केट खरवडणं, नवीन सील ठोकून बसवणं. दोघांनी उभ्याउभ्याच चहा घेतला. पत्र्याखालची उन्हाची तिरीप ट्रकच्या मागच्या चाकापर्यंत गेली होती.

दोन्ही चाकं चेनमध्ये घालून, ठिपक्यासमोर ठिपका ठेवून, एकदम दोन्ही आत सरकवायची होती. तो खालचं धरून होता, ती वरचं. बसलं. तिने वरचे बोल्ट हाताने लावले, पान्याने आवळले. “आता दोन फेरे फिरवून बघ,” ती म्हणाली. क्रँकचे दोन फेरे म्हणजे वरच्या चाकाचा एक. मग ठिपके परत समोरासमोर यायला हवेत. तो फिरवत गेला. ठिपके जवळ आले, जवळ आले, आणि एका दाताने चुकले.

“तुझा हात हलला,” ती म्हणाली.

“माझा? वरचं चाक तुझ्या हातात होतं!”

“मी धरलं होतं चांगलं. तू खालून ढकललंस.”

“ढकललं नाही तर आत कसं जाईल? फुंकर मारू?”

“मार ना! निदान तोंड तरी उघडशील!”

ते तिच्या तोंडून निघून गेलं. आता ओठ आत जाणार. ती चेनकडे बघत राहिली, बघायला दुसरं काही सुचेना.

“वरच्या चाकाच्या शाफ्टला स्प्रिंगचा जोर असतो,” तो म्हणाला. “तू बोल्ट लावताना तो आपोआप फिरला. ना तुझं चुकलं, ना माझं. काढ परत. या वेळी मी पान्याने शाफ्ट अडवून धरतो.”

ती बोल्ट सैल करायला लागली. “एक विचारू?” ती म्हणाली. “इथं बोलतोस. भांडतोस पण. घरी का नाही बोललास कधी असं?”

तो बराच वेळ पाना धरून बसला. पण ते गप्प बसणं वेगळं होतं. तो शोधत होता, तिला ते दिसत होतं.

“इथं काय करायचं ते समोर दिसतं,” तो म्हणाला. “हे सुटलंय, हे आवळायचं. घरी तू समोर बसायचीस, आणि तुला काहीतरी हवं असायचं, आणि ते काय ते मला दिसायचंच नाही. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बरा, असं वाटायचं. मग गप्प राहिलं की ते जास्तच चुकायचं. मग तर घशातून आवाजच फुटायचा नाही.” तो थांबला. “आजही दिसत नाही. खोटं कशाला सांगू.”

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट आत कुठेतरी लख्ख झालं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो मुद्दाम देत नाही. देण्यासारखं आहे आणि दाबून ठेवतो. तसं नव्हतंच. त्याच्याकडे तिथे ते नव्हतं. जे होतं ते सगळं इथे होतं, या पत्र्याखाली, आणि इथे त्याने कधी हात आखडता घेतला नव्हता. तिनेही नाही. रागावर इतके दिवस टेकून उभं राहिलेलं तिचं मन एकदम आधाराशिवाय उभं राहिलं आणि पडलं नाही. “धर शाफ्ट,” ती म्हणाली. “मी म्हणेन तेव्हाच सोड.”

या वेळी दोन फेऱ्यांनी ठिपके समोरासमोर आले, नेमके. तिने त्याला आणखी दोन फेरे फिरवायला लावलं, निव्वळ परत बघायला मिळावं म्हणून.

झाकण, पुली, चेंबर, ऑइल, पंखा, रेडिएटर, पाणी. शेवटचे नट आवळताना दोघांचे हात एकमेकांच्या आड येत नव्हते, पाना मागायच्या आधी पाना येत होता. तो केबिनमध्ये चढला. पहिल्या सेल्फला नुसतंच गरगरलं. दुसऱ्याला एकदा फुरफुरलं. तिने डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि ओरडली, “मार!” आणि इंजिन उठलं. आधी अडखळत, मग एकसारखं. तिने मडगार्डवर तळहात ठेवला. वर्षानुवर्षं जो खडखडाट तिला इंजिनाचाच आवाज वाटत होता तो नव्हताच. खाली एक गुबगुबीत, भरलेला आवाज होता. तो केबिनमधून डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघत होता, आणि दोघंही येड्यासारखे हसत होते.

“अरे वा! छान चालतेय की!” फर्निचरवाला फाटकातून आत येत म्हणाला. त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली, बॉनेटखाली डोकावला. “मग? द्या किल्ली.”

तिने वर केबिनकडे बघितलं. त्याने किल्लीवर हात ठेवला होता, बंद करायला. त्याचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

“विकायची नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“शब्द दिला होता, चुकलं आमचं. पण विकायची नाही.”

फर्निचरवाल्याचा चेहरा उतरला, मग चढला. “हा काय पोरखेळ आहे? इतक्या लांबून आलो मी! तुमचं नवरा-बायकोचं काय ते आधी ठरवा आणि मग लोकांना बोलवा!”

“ते ठरलंय,” ती म्हणाली. “गाडीचं आत्ता ठरलं.”

“आणि सोमवारी माझी दोन कपाटं कोण नेणार? तुमच्या भरवशावर मी गिऱ्हाइकाला हो म्हणून बसलोय!”

“आम्ही,” ती म्हणाली, आणि त्याच क्षणी वरून तोही म्हणाला, “आम्ही.”

फर्निचरवाला पुटपुटत, सकाळी लवकर या, ओरखडा पडला तर बघा, असं म्हणत गेला. इंजिन चालूच होतं. तो केबिनमधून उतरला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने फार वर्षांत बघितलं नव्हतं, आणि ते काय आहे हे तिला कळलं.

“ठरलंय म्हणजे,” तो म्हणाला, “घरी येणार ना?”

खोटं बोलणं किती सोपं होतं. आजचा दिवस तसा होता, आणि हे हात, हा आवाज. पण उंबरा ओलांडला की काय होणार ते दोघांनाही माहीत होतं, आणि मग हेही जाणार होतं, हे पत्र्याखालचं.

“नाही,” ती म्हणाली. “घरी नाही. कोर्टाच्या तारखेला मी येणार आणि सही करणार. तूही कर. पण हे मोडायचं नाही. हे आपल्याला जमतं.”

त्याने मान खाली घातली. खालचा ओठ आत गेला. ती थांबली, घाई केली नाही, काही भरीला घातलं नाही, हातावरचं ग्रीस फडक्याने पुसत राहिली. तो वळला, केबिनमध्ये हात घालून त्याने इंजिन बंद केलं. बराच वेळ गरम लोखंड टिकटिकत राहिलं. मग त्याने टाचा वर करून ट्रकच्या हौद्यात डोकावून बघितलं, तिथल्या कोपऱ्यातली दोराची गुंडाळी उचलली, ओढून बघितली.

“त्याची कपाटं भरीव लाकडाची असतात,” तो पाठमोराच म्हणाला. आवाज घोगरा होता, पण होता. “या दोरानं भागायचं नाही. नवीन लागेल.”

“आणते मी,” ती म्हणाली. “जाड आणू का मध्यम?”

“जाड,” तो म्हणाला. आणि थोडं थांबून, “मी पण येतो. हात बघू दे आधी तुझा, सोललाय.”

तिने हात पुढे केला. त्याने तो उलटा करून, उजेडात धरून, नीट बघितला.